टाकीखालच्या स्लॅबला लेप कोणी दिला?

प्रश्न : आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर जिन्याची आणि लिफ्टच्या यंत्राची मिळून एक खोली आहे. ती २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. तिच्या स्लॅबवर काँक्रीटची गोल टाकी थेट बसवलेली असून बाहेरून तिचा व्यास १४ फूट आणि उंची ८ फूट आहे. टाकीच्या डोक्यावर घुमटासारखे झाकण आहे. ते मधोमध साधारण २ फूट उचललेले आहे. या सगळ्याला बाहेरून जलरोधक लेप देण्याचे काम आम्ही चौरस फुटाला ३० रुपये दराने दिले. कंत्राटदाराने २४८२ चौरस फुटांचे, म्हणजे ७४,४६० रुपयांचे बिल पाठवले आहे. मी स्वतः हिशेब केला तेव्हा १८५४ चौरस फूट आले. दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने १५४६ काढले आणि आपलेच बरोबर आहे असे ती ठामपणे सांगते. समितीच्या सभेत मला एकच आकडा सांगायचा आहे. तो कोणता सांगावा? पुढच्या महिन्यात टाकीला आतूनही लेप द्यायचा आहे. त्याचा हिशेब कसा करावा, हेही कळवावे.
– एक खजिनदार, सांगली

उत्तर : खजिनदार महोदय, सप्रेम नमस्कार.

सभेची तारीख जवळ आली असेल, म्हणून आकडा आधी सांगतो. आपण कळवलेली मापे बरोबर असतील, तर लेप लागलेला पृष्ठभाग सुमारे १४०५ चौरस फूट भरतो आणि ठरलेल्या दराने त्याचे ४२,१५० रुपये होतात. खोलीच्या दाराची वजावट यात केलेली नाही. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. म्हणजे बिल ३२,३१० रुपयांनी जास्त आहे. आपला आकडाही जास्त आहे आणि कन्येचाही थोडा जास्त आहे, परंतु तिघांच्या चुका तीन वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, आणि त्या समजून घेतल्याशिवाय आपण केवळ माझा आकडा सभेत वाचून दाखवला, तर कंत्राटदाराच्या पहिल्याच प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल.

कंत्राटदाराचे मोजमाप पत्रक आपण पाठवलेले नाही, तरी २४८२ हा आकडा कुठून आला असावा हे उलगडायला अवघड नाही. इष्टिकाचितीच्या, म्हणजे विटेसारख्या आकाराच्या, एकूण पृष्ठफळाचे सूत्र लावले, की खोलीचे १३६० चौरस फूट येतात. वृत्तचितीच्या, म्हणजे नळकांड्यासारख्या आकाराच्या, एकूण पृष्ठफळाचे सूत्र लावले, की ७ फूट त्रिज्येच्या आणि ८ फूट उंचीच्या टाकीचे ६६० येतात. झाकण म्हणजे भरीव अर्धगोल असे धरून त्याचे एकूण पृष्ठफळ, म्हणजे ३ × पाय (π) × त्रिज्येचा वर्ग, काढले की ४६२ येतात. तिन्हींची बेरीज बरोबर २४८२ होते. गुणाकारात किंवा बेरजेत एका फुटाचीही चूक नाही आणि त्यामुळेच असे बिल वरवर पाहणाऱ्याला निर्दोष वाटते. यामागे लबाडीच असेल असे मी लगेच मानणार नाही. हल्ली मोबाइलवर आकार निवडून मापे भरली, की एकूण पृष्ठफळ आयते समोर येते, आणि तीन आकारांची तीन उत्तरे मिळाली, की ती एकाखाली एक मांडून बेरीज करण्याचा मोह कोणालाही होतो.

परंतु या बेरजेत काय काय शिरले आहे, ते पाहावे. खोलीच्या १३६० फुटांत तिची ३२० चौरस फुटांची जमीन आहे, जी इमारतीच्या गच्चीवर बसलेली आहे. त्याच १३६० फुटांत खोलीचा पूर्ण स्लॅब आहे आणि त्यातले १५४ चौरस फूट टाकीच्या खाली कायमचे झाकले गेले आहेत. टाकीच्या ६६० फुटांत तिचा १५४ फुटांचा तळ आहे, जो त्या स्लॅबला चिकटलेला आहे, आणि १५४ फुटांचे सपाट डोके आहे, जे मुळात अस्तित्वातच नाही, कारण तिथे घुमट आहे. झाकणाच्या ४६२ फुटांत अर्धगोलाचा सपाट पाया आणखी १५४ फूट घेऊन बसला आहे. टाकी उचलून तिच्याखाली लेप दिला असेल तरच हे पैसे देणे लागते, असे सभेत म्हटले तर हशा पिकेल. पण त्या हशावर न थांबता मुद्दा नीट मांडावा.

मुद्दा असा की, घनफळ आणि पृष्ठफळ यांची वागणूक सारखी नसते. आपल्या मनाला घनफळाची सवय असते, कारण धान्य, पाणी, वाळू, खडी या रोजच्या गोष्टी आपण घनफळानेच मोजतो आणि तिथे दोन ढीग एकत्र केले की मापांची सरळ बेरीज होते. पृष्ठफळाचे तसे नाही. १० सेंटिमीटर बाजूचे दोन घन घ्यावेत. प्रत्येकाचे घनफळ १००० घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. ते एकमेकांना पूर्ण बाजूने चिकटवले, की घनफळ २००० होते, पण पृष्ठफळ १२०० न होता १००० होते. त्याच ओळीत तिसरा घन चिकटवला, तर १८०० ऐवजी १४०० उरते. प्रत्येक जोड दोन पृष्ठे गिळतो : एक या वस्तूचे आणि एक त्या वस्तूचे. दोन्ही पृष्ठे सारख्याच आकाराची असल्यामुळे ते एकच पृष्ठ आहे असा भास होतो आणि वजावट एकदाच केली जाते.

आपल्या हिशेबात हेच झाले आहे. २४८२ मधून आपण जमिनीचे ३२० वजा केलेत, ते योग्यच केलेत. त्यानंतर खोली व टाकी यांच्या जोडासाठी १५४ आणि टाकी व झाकण यांच्या जोडासाठी १५४ असे एकेकदाच वजा केलेत, म्हणून १८५४ उरले. दोन्ही जोडांसाठी ही वजावट दुप्पट, म्हणजे एकूण ६१६ व्हायला हवी होती. ती केली असती, तर आपण आपोआप कन्येच्या १५४६ या आकड्यावर येऊन पोहोचला असता.

तरीही वजावटीच्या वाटेने जाऊच नये, असे माझे मत आहे. आधी सगळे धरायचे आणि मग नको ते वगळायचे, या पद्धतीत वगळायचे काहीतरी राहून जाण्याची भीती कायम असते. त्यापेक्षा सूत्रांना हात लावण्याआधी वस्तूभोवती एक फेरी मारावी आणि जिथे जिथे ब्रश पोहोचतो, तेवढ्याच पृष्ठांची यादी करावी. आपल्या गच्चीवर अशी चारच पृष्ठे आहेत. पहिली खोलीच्या चार भिंती : पायाची परिमिती ७२ फूट आणि उंची १० फूट, म्हणून ७२० चौरस फूट. दुसरा स्लॅबचा टाकीभोवती उरलेला उघडा भाग : ३२० वजा १५४, म्हणजे १६६. तिसरी टाकीची उभी गोल बाजू : २ × २२/७ × ७ × ८, म्हणजे ३५२. चौथा झाकणाचा वरचा फुगीर भाग. टाकीचे सपाट डोके, झाकणाचा पाया, टाकीचा तळ यांची नावेच या यादीत येत नाहीत, त्यामुळे ती वगळण्याचाही प्रश्न उरत नाही.

जोड कुठे आहे हे मात्र जागेवर जाऊनच ठरवावे. केवळ नकाशावरून ठरवू नये. टाकी स्लॅबवर थेट बसवलेली आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून मी तळ धरलेला नाही. ती जर चार ठेंगण्या खांबांवर उभी असती आणि खालून लेप दिला गेला असता, तर तळाचे १५४ आणि खालच्या स्लॅबचे १५४ असे दोन्ही जवळजवळ पूर्ण धरावे लागले असते, त्यातून फक्त खांबांच्या वरच्या व खालच्या टोकांची जागा वगळली गेली असती आणि खांबांच्या उभ्या बाजू वाढल्या असत्या. त्या परिस्थितीत कंत्राटदाराचा या दोन वर्तुळांपुरता हिशेब बरोबर ठरला असता.

आता कन्येचा हिशेब. तिने ७२०, १६६ आणि ३५२ हे तिन्ही आकडे बिनचूक काढले आहेत. तिची पद्धत पूर्णपणे बरोबर आहे आणि त्याबद्दल तिचे कौतुक करावे. शेवटच्या पृष्ठासाठी तिने अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ, म्हणजे २ × पाय × त्रिज्येचा वर्ग, घेऊन ३०८ मिळवले आणि बेरीज १५४६ केली. पाठ्यपुस्तकातल्या वृत्तचितीवर जेव्हा घुमट असतो, तेव्हा तो बहुधा अर्धगोलच असतो, म्हणून तिने तसे धरले. परंतु अर्धगोलाची उंची त्याच्या त्रिज्येइतकी असायला हवी. आपल्या टाकीचे झाकण अर्धगोल असते, तर ते मधोमध ७ फूट उचललेले दिसले असते. आपल्या पत्रात मात्र स्पष्टपणे २ फूट लिहिले आहे. तेव्हा हे झाकण म्हणजे फार मोठ्या गोलाचा वरून कापलेला एक उथळ तुकडा आहे. त्या मूळ गोलाची त्रिज्या काढली, तर ती १३ फूट ३ इंच भरते. सूत्र, गुणाकार, बेरीज हे सर्व बरोबर असून आकाराला दिलेले नाव तेवढे चुकले आहे, आणि माझ्या मते ही तिघांमधली सर्वांत शहाणी चूक आहे.

अशा उथळ घुमटाचे पृष्ठफळ दहावीच्या अभ्यासक्रमात नाही, पण ते कठीणही नाही. काठाच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग आणि उठावाचा वर्ग यांची बेरीज करावी आणि तिला पायने गुणावे. इथे ४९ अधिक ४, म्हणजे ५३. त्याला २२/७ ने गुणल्यावर १६६.५७ चौरस फूट. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने हे फार सुंदर रीतीने सांगितले होते : गोलाच्या कापलेल्या टोपीचे पृष्ठफळ हे अशा वर्तुळाइतके असते, ज्याची त्रिज्या टोपीच्या माथ्यापासून काठापर्यंतच्या सरळ अंतराएवढी आहे. आपल्या झाकणात हे अंतर सुमारे ७.२८ फूट आहे. हे अंतर घुमटाच्या पोटातून जाते, त्यामुळे ते टेपने थेट मोजता येत नाही. त्रिज्या आणि उठाव मोजून पायथागोरसच्या प्रमेयाने काढावे लागते. उठाव वाढवत वाढवत ७ फुटांवर नेला, तर ४९ अधिक ४९ होऊन उत्तर ३०८ येते, म्हणजे कन्येचे सूत्र याच सूत्राचा एक विशेष प्रकार आहे. हे तिला स्वतः करून पाहू द्यावे.

विषय निघालाच आहे, तर थोडे अवांतर. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातील ‘लीलावती’ या भागात, वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली की गोलाचे पृष्ठफळ मिळते असे सांगितले आहे आणि त्या पृष्ठफळाला चेंडूभोवती विणलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे. त्यांच्याआधीच्या लल्ल या ज्योतिर्गणितज्ञाने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणून गोलाचे पृष्ठफळ काढण्याची रीत दिली होती, आणि भास्कराचार्यांनी ती चुकीची असल्याचे दाखवून दिले. ७ फूट त्रिज्येच्या गोलाला लल्लाची रीत लावली, तर १५४ गुणिले ४४ असे ६७७६ येतात. खरे पृष्ठफळ ६१६ आहे. क्षेत्रफळाला लांबीने गुणले की चौरस फूट उरतच नाहीत, घनफूट होतात. पृष्ठफळाच्या प्रश्नात घनफळाची सवय किती मोठ्या माणसांच्याही आड येते, हे यावरून दिसेल. आपल्या कंत्राटदाराला थोडे सांभाळून घ्यावे असे मला वाटते, त्याचे हेही एक कारण आहे.

चारही पृष्ठांची बेरीज ७२० + १६६ + ३५२ + १६६.५७, म्हणजे १४०४.५७ चौरस फूट होते. हा आकडा दुसऱ्या वाटेनेही पडताळता येतो, आणि सभेत समजावून सांगायला ती वाट अधिक सोपी आहे. टाकीचे डोके सपाट आहे असे क्षणभर समजावे. आकाशातून खाली पाहणाऱ्याला टाकीचे वर्तुळाकार डोके आणि त्याभोवतीचा उघडा स्लॅब मिळून पुन्हा २० बाय १६ चा अखंड आयतच दिसेल. टाकीने स्लॅबचा जेवढा भाग झाकला, तेवढाच तिने स्वतःच्या डोक्यावर परत दिला. म्हणून आडव्या पृष्ठांचे ३२० कायम राहतात, आणि टाकीमुळे वाढतात ते फक्त उभ्या बाजूचे ३५२. भिंतींचे ७२० धरून १३९२ झाले. आता डोके सपाट नसून २ फूट उचललेले आहे, याने किती फरक पडतो? फक्त पाय गुणिले उठावाचा वर्ग, म्हणजे १२.५७ चौरस फूट. एकूण पुन्हा १४०४.५७. डोळ्यांना भरणारा तो घुमट सपाट झाकणापेक्षा जेमतेम साडेबारा फूट जास्त लेप खातो, हे पाहून समितीतील काहींना आश्चर्य वाटेल.

यावरून कोणत्या मापासाठी किती आग्रह धरायचा, हेही ठरते. उठाव २ फुटांऐवजी अडीच फूट निघाला, तर एकूण क्षेत्र सुमारे ७ चौरस फुटांनी, म्हणजे साधारण २१२ रुपयांनी वाढेल. त्यावरून भांडण करू नये. पाय २२/७ घ्यायचा की ३.१४१६, यावर तर चर्चाच नको. आपल्या संपूर्ण हिशेबात त्याने चौरस फुटाच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी फरक पडतो. याउलट झाकणाला अर्धगोल म्हटल्याने १४१ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४,२४० रुपये वाढतात. मापाच्या बारीकसारीक चुकीपेक्षा आकार ओळखण्यातली चूक नेहमीच महाग पडते.

मोजणी प्रत्यक्ष कशी करावी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतात. टाकीचा व्यास मोजण्याच्या भानगडीत पडू नये. गोल टाकीच्या मधोमध टेप धरता येत नाही आणि जुन्या नकाशावरचा व्यास बहुधा आतला असतो, कारण टाकीची क्षमता त्यावरून काढलेली असते. त्याऐवजी टाकीच्या कमरेभोवती टेप फिरवून परीघ घ्यावा. टेप सगळीकडे सारख्या उंचीवर आहे ना, हे पाहायला समोरच्या बाजूला एक माणूस उभा करावा. परीघ ४४ फूट आला, की उभ्या बाजूचे पृष्ठफळ ४४ गुणिले ८ असे सरळ मिळते आणि त्यात पायची गरजच राहत नाही. त्रिज्या हवी असेल, तर परिघाला ७ ने गुणून ४४ ने भागावे. घुमटाचा उठाव काढण्यासाठी गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्यावी. नळीचे एक टोक घुमटाच्या माथ्याशी धरावे आणि दुसरे काठाजवळ उभ्या धरलेल्या पट्टीशी. माथ्याच्या टोकातले पाणी माथ्याबरोबर आले, की पट्टीवर पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंत जेवढे अंतर दिसेल, तेवढा उठाव. टाकीवर चढणाऱ्याने दोर बांधल्याशिवाय चढू नये, हे सांगायला नको.

मोजणी मीटरमध्ये झाली आणि दर चौरस फुटाचा असला, तर एक खबरदारी घ्यावी. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, परंतु १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. क्षेत्रफळाचे रूपांतर करताना ३.२८ ने एकदाच गुणलेली पत्रके मी पाहिली आहेत. त्यात नुकसान कंत्राटदाराचे होते आणि मग तो पुढच्या कामात ते भरून काढतो.

खोलीच्या दाराविषयी. दार ३ बाय ७ फुटांचे असेल आणि त्याला लेप दिलेला नसेल, तर २१ चौरस फूट वजा होतात. मात्र चौकटीच्या बाहेरच्या बाजूला भिंतीची जी जाडी उघडी राहते, तिथे लेप दिलेला असेल, तर तेवढे फूट पुन्हा मिळवावे लागतात. बांधकामाच्या मोजमापासाठी भारतीय मानक १२०० ही मालिका आहे आणि प्लास्टरसारख्या कामात अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ५.४ चौरस फुटांपर्यंतच्या उघड्या जागांची वजावट करू नये, असा तिचा दंडक आहे. म्हणून हवेची जाळी, पाइपाची भोके वगैरे बारीक गोष्टी आपण वजा करायला जाऊ नये. मोठ्या उघड्या जागांचे काय करायचे, हे कामाच्या करारातच लिहून ठेवणे चांगले. आपल्या करारात ते नसेल, तर या वेळी दाराचा मुद्दा सोडून द्यावा, असे मी सुचवीन. बत्तीस हजारांच्या चर्चेत सहाशे रुपयांचा मुद्दा घुसवला, की समोरच्याला पळवाट मिळते.

कंत्राटदाराशी बोलताना बिल खोटे आहे या वाक्याने सुरुवात करू नये. त्याला गच्चीवर बोलवावे, समितीचा एक सदस्य सोबत ठेवावा आणि संयुक्त मोजमाप घ्यावे. कोऱ्या कागदावर खोली, टाकी आणि झाकण यांचे उभे चित्र काढावे, जोडांच्या जागी रेघा मारून त्या भरून टाकाव्यात आणि उरलेल्या प्रत्येक पृष्ठापुढे माप, गुणाकार आणि चौरस फूट असे लिहीत जावे. कागदाच्या तळाशी दोघांच्या सह्या घ्याव्यात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत मोजमाप पुस्तकाची शिस्त पाळतात, तिचीच ही छोटी आवृत्ती आहे. चित्र समोर असले, की त्या भरलेल्या रेघांखाली लेप दिला का, हा प्रश्न आपल्याला विचारावा लागत नाही. तो त्याच्याच लक्षात येतो. दरात नुकसान होत असल्याचे त्याने सांगितले, तर तो दराचा वेगळा विषय आहे आणि त्यावर समितीने वेगळा विचार करावा. दराची तूट क्षेत्रफळात भरून काढू देऊ नये.

कन्येसाठी दोन गोष्टी, कारण गणित भाग २ मधील महत्त्वमापनाच्या प्रकरणात तिला अशाच संयुक्त आकृत्या भेटणार आहेत. पहिली म्हणजे प्रश्नाची भाषा. भरीव खेळण्याला रंग द्यायचा असेल, तर तळही धरावा लागतो; तंबूचे कापड विचारले असेल, तर जमीन धरायची नसते. यासाठी पाठ करण्याजोगे सूत्र नाही, प्रश्नातले शब्द लक्षपूर्वक वाचावे लागतात. शंकूच्या वक्रपृष्ठफळात लंब उंची नको, तिरकस उंची हवी, हे तिला ठाऊक असेलच. दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे. १४ सेंटिमीटर बाजूच्या घनाच्या वरच्या पृष्ठावर १४ सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल बसवला, तर एकूण पृष्ठफळ किती होते, हे तिला विचारावे. घनाचे ११७६, त्यातून झाकले गेलेले १५४ वजा आणि अर्धगोलाचे ३०८ अधिक, असे १३३० चौरस सेंटिमीटर येतात. मग त्याच घनात तेवढाच अर्धगोल कोरून काढला, तर किती, असे विचारावे. बहुतेक मुले दुसऱ्या वेळी कमी उत्तर सांगतात, कारण घनातून काहीतरी काढून टाकले आहे हे त्यांच्या डोक्यात असते. पण उत्तर दोन्ही वेळा १३३० च येते. ते का, हे तिने सूत्र न लिहिता, केवळ शब्दांत आपल्याला समजावून सांगितले, तर या प्रकरणाची चिंता करण्याचे कारण नाही.

राहिला टाकीच्या आतल्या लेपाचा प्रश्न. इथे बाहेरचे आकडे वापरू नयेत, आणि कंत्राटदारालाही वापरू देऊ नयेत. टाकीची भिंत आणि तळ प्रत्येकी ६ इंच जाड आहेत असे धरले, तर आतली त्रिज्या साडेसहा फूट आणि भिंतीची आतली उंची साडेसात फूट राहते. आत तीन पृष्ठे आहेत : तळ, उभी भिंत आणि झाकणाची खालची बाजू. या वेळी तळ धरायचा, कारण पाणी त्यावरच उभे असते. तळाचे १३२.७९, भिंतीचे ३०६.४३ आणि झाकणाचा आतला उठावही २ फूटच असेल, तर त्याचे १४५.३६, असे मिळून सुमारे ५८५ चौरस फूट होतात. हेच बाहेरच्या मापांनी मोजले, तर ६७३ येतील. केवळ भिंतीच्या आणि तळाच्या जाडीमुळे पडणारा हा ८८ चौरस फुटांचा फरक आहे. झाकणाच्या खालच्या बाजूला लेप द्यायचा की नाही, हे समितीने आधीच ठरवावे. द्यायचा नसेल, तर काम सुमारे ४३९ चौरस फुटांचेच आहे. टाकी धुण्यासाठी रिकामी होईल त्या दिवशी आत उतरून परीघ, उंची आणि उठाव ही तीन मापे दोघांच्या समक्ष घ्यावीत, तळ धरला आहे आणि झाकण धरले आहे किंवा नाही, हे अक्षरी लिहावे आणि मगच दर मागवावा. लेप पिण्याच्या पाण्याच्या टाकीत वापरण्याजोगा आहे, असे उत्पादकाचे लेखी प्रमाणपत्रही त्या दरपत्रकासोबत मागून घ्यावे.